डाव्या बाजूचा आवाज

पुंजाराम उन्हवणे आणि मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात एकाच टेबलावर होतो. आमचं काम म्हणजे शंका घेणं. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, गेज लावायचं आणि तो चांगला आहे असं दिसेपर्यंत वाईटच समजायचा. सुट्टीचा भोंगा झाला की आम्ही बाकीचे ती शंका गेजबरोबर खणात ठेवून बसमध्ये चढायचो. पुंजाराम ती घरी न्यायचा.

पाकीट आलं की आधी त्याचा डिंक बघायचा, कुणी उघडून परत चिकटवलंय का म्हणून. बसचं तिकीट उजेडात धरून आकडे वाचायचा. त्याची बायको धोंडाबाई म्हणायची, "यांना भाकरी वाढली तरी दोन्ही बाजू बघतात."

हसण्यासारखं होतं, पण त्याला कारण होतं. पुंजारामची आई भागुबाई निरक्षर. निफाडजवळ तिच्या नावावर जमिनीचा लहानसा तुकडा होता. एका नातलगाने रेशनकार्डाचा कागद म्हणून तिचा अंगठा घेतला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या तुकड्यावर दुसऱ्याचाच नांगर फिरला. पुंजाराम तेव्हा अकरा वर्षांचा होता. कागद त्याच्या समोरच पुढे केला होता, त्याला वाचताही येत होतं, पण वाचून दाखव असं कुणी म्हटलं नाही आणि त्यालाही सुचलं नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं, बसमध्ये, खिडकीबाहेर बघत.

त्याची बहीण चांगुणा त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. सातवीपर्यंत शिकली. नाशिकरोडला आमच्या वसाहतीच्या बुद्धविहारात वंदनेनंतर गायची. आवाज गोड वगैरे नव्हता. जाडसर, सरळ, आणि शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही शब्द कळेल असा. एकोणऐंशी साली तिचं लग्न मनमाडला झालं. नवरा निवृत्ती सोनवणे रेल्वेत फिटर, शांत स्वभावाचा माणूस.

एक्याऐंशीत भागुबाई गेली. त्याच वर्षी पुंजारामने एका सहकाऱ्याच्या आखातातल्या भावाकडून विजेवर वाजणारा कॅसिओ कीबोर्ड मागवला. खोक्यातून काढल्यावर त्याने तो वाजवला नाही. आधी स्क्रू काढून आत काय आहे ते बघितलं. मग महिनाभर रोज पाळीवरून आल्यावर तासभर बसायचा. पुढे सुटे भाग जमवून त्याने तालाची एक पेटीही केली. बटण दाबलं की ठक-ठक-टिश, ठक-ठक-टिश. ना ढोलकी, ना पेटीमास्तर. चांगुणा सणावाराला माहेरी यायची तेव्हा दोघं विहाराच्या ओट्यावर बसायची. तिने आईवर एक गाणं रचलं होतं:

सही माझी मीच करीन गं,
अंगठा पुसून टाक.

जुनी मंडळी कुरकुरली. माणसाचा हात लागत नाही तो ताल कसला, असं कोणीतरी म्हणालं. पण पुढच्या जयंतीला अख्खी वसाहत तेच गुणगुणत होती. मग बोलावणी येऊ लागली. देवळाली, भगूर, सिन्नर. भाऊ वाद्यामागे ड्यूटीवर असल्यासारखा ताठ उभा, बहीण माईकसमोर पदर खोचून. लोक त्यांना 'उन्हवणे भावंडं' म्हणायचे.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात त्यांनी कॅसेट करायचं ठरवलं. भद्रकालीत रंगनाथ खैरनारचं रेकॉर्डिंग सेंटर होतं. पुढे दुकान, आत गाद्या लावून बंद केलेली खोली. जयंतीला आमच्या वसाहतीत स्पीकरही त्याचाच असायचा. त्याच्याकडे मोठ्या चकत्यांचं टेपमशीन होतं. पुंजारामने अट घातली की टेपच्या डाव्या बाजूला फक्त चांगुणाचा आवाज भरायचा आणि उजव्या बाजूला फक्त वाद्य. कुठे चूक झाली तर कुणाची ते नेमकं कळलं पाहिजे. सहा गाणी एका सकाळीत झाली. तिसऱ्या गाण्याच्या वेळी बाहेरून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक, आणि तो आवाजाच्या बाजूला भरला गेला. पुन्हा म्हणायला वेळ नव्हता. पुंजारामची दुसरी पाळी होती, तो बस धरायला पळाला.

पुढच्या रविवारी त्याने मशीनशेजारी बसून दोन्ही बाजू एकत्र केल्या. हॉर्न आला तिथे वाद्य एवढं मोठं केलं की हॉर्न बुडून गेला. मला ऐकवताना म्हणाला, "सांग, कुठंय हॉर्न?" मला सापडला नाही. तो खूश झाला.

मूळ टेपची चकती तो घरी घेऊन गेला. डब्याच्या झाकणावर, आम्ही कारखान्यात आवळून बसवलेल्या स्क्रूवर लावतो तसा, लाल रंगाचा ठिपका लावला. झाकण उघडलं तर ठिपका तुटणार. डबा गेला लोखंडी कपाटात. कॅसेट चौऱ्याऐंशीत आली आणि नाशिक जिल्ह्यात बऱ्यापैकी फिरली.

सत्त्याऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. आम्ही कारखान्याच्या फाटकासमोर चहा पीत होतो. टपरीवरच्या टेपवर एक गाणं लागलं. आधी नुसता ठोका, छातीत लागणारा. मग एक बाईचा आवाज तुटत तुटत आला: स-स-सही, सही-सही-सही. नंतर एकदम ओळ उलगडली. पुंजारामने कप खाली ठेवला.

"ही चांगू आहे," तो म्हणाला.

आवाज चांगुणाचाच होता, पण त्याखाली त्याचा कॅसिओ नव्हता. दुसरंच काहीतरी होतं, वेगवान, चकचकीत. एक शब्द चार-चार वेळा परत यायचा. टपरीवरची कारखान्याची पोरं पायाने ठेका धरत होती. टपरीवाला म्हणाला, "नवीन आलीय साहेब. स्टेशनच्या हातगाडीवर मिळते."

संध्याकाळी आम्ही नाशिकरोड स्टेशनबाहेरच्या गाडीवरून ती घेतली. वर कुठल्यातरी सिनेमातल्यासारख्या मुलीचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरांत 'सही : डिस्को रिमिक्स'. रिमिक्स म्हणजे काय ते गाडीवाल्यालाही माहीत नव्हतं. खाली बारीक छापलेलं होतं, 'गायिका : चांगुणा'. पुंजारामचं नाव कुठेच नव्हतं.

"ताईंनाच विचार ना," मी म्हटलं. "त्यांचं नाव आहे."

"तीच तर चोराची हुशारी आहे," तो म्हणाला. "तिचं नाव टाकलं की लोकांना वाटणार तिनेच दिली. तिला बिचारीला माहीतही नसेल."

त्याच्या घरी बसून आम्ही कॅसेट ऐकली. तिसरं गाणं आलं, आणि त्यात ट्रकचा हॉर्न स्पष्ट ऐकू आला. पुंजारामने टेप थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे वळला.

"आपल्या कॅसेटवरून उचललं असतं तर हॉर्न आला असता का?"

"नाही."

"म्हणजे मूळ टेपवरून घेतलंय."

त्याने कपाट उघडून डबा काढला. लाल ठिपका जसाच्या तसा होता. कोपऱ्यातून धोंडाबाई म्हणाली, "कपाटाला कुणी हात लावला नाही हो." त्याने तिच्याकडे बघितलं आणि मग किल्लीचे दातही बघितले. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

त्याने हिशोब मांडला. टेप इथून गेली नाही. म्हणजे दुसरी प्रत आहे. ती चकती इथे यायच्या आधीच निघाली. तोपर्यंत त्या खोलीत तीनच माणसं होती. तो, चांगुणा आणि रंगनाथ. मला तो हिशोब बिनचूक वाटला. आम्ही दोघं रोज हेच करत होतो, एकेक शक्यता काढून टाकायची आणि उरेल त्यावर लाल शिक्का मारायचा.

रविवारी आम्ही भद्रकालीत गेलो. रंगनाथ काउंटरवर कॅसेटींना चिठ्ठ्या चिकटवत होता. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, हळू बोलणारा माणूस. पुंजारामने नवी कॅसेट त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही कुणाला विकलीस?"

रंगनाथने कॅसेट उचलून उलटी-सुलटी बघितली. "मी विकली नाही."

"मग दिलीस?"

तो गप्प राहिला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही थांबली.

"पुंजारामभाऊ, मी विकली नाही. एवढंच सांगतो."

"एवढंच म्हणजे? पुढचं काय आहे?"

"पुढचं मला नका विचारू."

त्याचं ते गप्प राहणं आम्हाला पुरलं. निर्दोष माणूस ओरडतो, चिडतो, शपथ घेतो, असं आम्हाला वाटत होतं. हा खाली बघून चिठ्ठी चिकटवत राहिला. पुंजाराम मोठ्याने म्हणाला, "आवाज चोरतोस तू लोकांचे. हे भद्रकालीतल्या प्रत्येकाला कळेल." गिऱ्हाइकं काही न घेता निघून गेली.

जयंतीच्या तयारीची सभा मार्चअखेर विहारात झाली. पुंजारामने उभं राहून सगळं सांगितलं. हॉर्न, ठिपका, तीन माणसं. तो इतकं मुद्देसूद बोलला की कुणी प्रश्न विचारला नाही. गेली आठ वर्षं जयंतीचा स्पीकर रंगनाथचा असायचा. ते काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यायचं ठरलं. हात वर करा म्हटलं तेव्हा मी हात वर केला. हे मी मुद्दाम लिहितोय.

जयंती झाली. तरी पुंजारामला चैन पडेना. चोर सापडला होता, पण नग त्याच्या मनात पास होत नव्हता. टेप रंगनाथने दिली, ठीक, पण ते नवं वाद्य वाजवलं कोणी? कारखान्यातलं भिंग घरी आणून त्याने कॅसेटच्या वेष्टणाचा इंच न इंच वाचला. आतल्या घडीवर, सुईच्या टोकाएवढ्या अक्षरांत छापखान्याचं गाव होतं: मनमाड.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो माझ्या कानाशी म्हणाला, "दाजी."

"निवृत्ती? अरे, तो माणूस कॅसेट कोणत्या बाजूने लावायची ते बायकोला विचारतो."

"अशीच माणसं असतात."

मे महिन्यात आम्ही पॅसेंजरने मनमाडला गेलो. रेल्वे क्वार्टरच्या दारात निवृत्तीनेच आमचं स्वागत केलं. "जय भीम दादा, या या, अचानक?" त्याने तांब्या पुढे केला. पुंजाराम पाणी प्यायला नाही. खुर्चीवर बसला, कॅसेट बाहेर काढली आणि मेहुण्याच्या डोळ्यांत बघत राहिला. निवृत्तीने कॅसेटकडे बघितलं आणि आत बघितलं. मलाही वाटलं, सापडला.

चांगुणा पदराला हात पुसत बाहेर आली.

"त्यांना काय बघतोस, दादा? मला विचार."

"तुला कशाला? तुला फसवलंय यांनी."

"मला कुणी नाही फसवलं. टेप मी दिली."

निवृत्ती हळूच उठला आणि त्यांच्या लहान मुलीला घेऊन अंगणात गेला.

"कुणाला?" पुंजारामने विचारलं. आवाज अगदी तपासणी टेबलावरचा.

"कोंडाजीला. इथल्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याच्याकडे मुंबईहून नवीन मशीन आलंय."

"तुझ्याकडे टेप आली कुठून?"

"त्याच दिवशी. तू दुसऱ्या पाळीला पळालास. मी रंगनाथभाऊंना म्हटलं, मला एक कॅसेट भरून द्या. मीच सांगितलं, दादाला कळू देऊ नका. त्यांनी शब्द दिला."

"पण का? मी नाही म्हटलं असतं?"

"नाही म्हटलं नसतंस. कशाला हवी, असं विचारलं असतंस. मग कुठे ठेवणार, कुणाला ऐकवणार. मला नुसता माझा आवाज ऐकायचा होता, दादा. त्याला कारण द्यायचं नव्हतं."

तिने कपाटातून एक जुनी कॅसेट काढली, टेपमध्ये घातली आणि उजव्या स्पीकरची वायर उपटली. फक्त डावा स्पीकर राहिला. त्यातून चांगुणाचा एकटा आवाज आला. ना ताल, ना वाद्य. मधे मधे श्वास. पुंजारामने तो शंभरदा ऐकला होता, पण असा सुटा कधीच नाही. तिसरं गाणं आलं. हॉर्न वाजला, आणि त्या हॉर्नमधूनच तिचा आवाज नेटाने पुढे गेला: "भागुबाईची लेक मी गं."

चांगुणाने टेप थांबवली.

"आता तुझी कॅसेट आठव. आईचं नाव ऐकू येतं?"

मला आठवलं, त्याने मला विचारलं होतं, कुठंय हॉर्न. हॉर्नबरोबर आईचं नावही गेलं होतं, आणि इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. स्टेजवर ती ओळ ऐकू यायची. कॅसेटवर नाही.

"तीन वर्षं वाट बघितली, तुला कळेल म्हणून," ती म्हणाली. "तू एकेका भाकरीच्या दोन्ही बाजू बघतोस. कोंडाजीने पहिल्यांदा ऐकलं आणि विचारलं, भागुबाई कोण? त्याने ते नाव तीनदा घेतलंय. हॉर्न राहू दिला त्याने, पण नाव ठेवलं."

त्या कॅसेटवर आम्ही दोघांनी फक्त हॉर्न ऐकला होता. पुंजारामने तिचं वेष्टण हातात फिरवलं.

"माझं नाव नाही यावर."

"मीच काढायला लावलं. त्यांनी छापलं होतं. पण तुझं वाद्य त्यात नाहीच. तू न वाजवलेल्यावर तुझं नाव घातलं असतं तर ती तुझी सही मीच खोटी केली असं झालं नसतं का?"

तो मान हलवत राहिला. ते पटल्याचं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग त्याने विचारलं, "आधी का नाही सांगितलंस? कॅसेट बाजारात येईपर्यंत?"

"भीती वाटली," ती म्हणाली. "दोनदा पत्र लिहायला घेतलं. तू पाकिटाचा डिंक बघत बसशील हे डोळ्यांसमोर आलं आणि फाडलं. ती माझी चूक."

मी मधे तोंड घातलं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. "ताई, रंगनाथचा स्पीकर काढला वसाहतीने. सभेत. चोर म्हणून."

चांगुणा भावाकडे बघत राहिली. मग तिने आतून चपला आणल्या, अंगणात जाऊन नवऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दारात उभी राहिली.

"उठ. दुपारची पॅसेंजर आहे."

लासलगाव, निफाड, एकेक स्टेशन गेलं. निफाडला पुंजारामने खिडकीकडे पाठ केली.

भद्रकालीत रंगनाथचं दुकान उघडं होतं, पण काउंटरवर धूळ होती. चांगुणाने हात जोडले. "भाऊ, माझ्या शब्दापायी तुम्ही हे सोसलंत."

"शब्द दिला होता," रंगनाथ म्हणाला.

पुंजाराम पुढे झाला. त्याने तयारी केली असावी, पण तोंडातून एवढंच निघालं, "माझं चुकलं."

रंगनाथने स्टूल पुढे केलं नाही. "इथे म्हणून काय उपयोग? इथे आपण चौघंच आहोत. लोक माझ्याकडे लग्नाच्या कॅसेटी भरायला येत नाहीत. म्हणतात, हा आवाज चोरतो. तुम्ही सभेत उभं राहून बोललात. सभेतच परत बोला."

पुंजाराम बोलला. जूनमध्ये, भर सभेत, तितक्याच मुद्देसूदपणे. हॉर्नचा हिशोब बरोबर होता, ठिपक्याचा बरोबर होता, तीन माणसांचाही बरोबर होता, पण त्या तिघांतल्या एकीवर मी शंकाच घेतली नाही आणि एकाबद्दल खात्रीच करून बसलो, असं तो म्हणाला. कोणीतरी मागून हसलं. पुन्हा हात वर झाले, माझाही झाला. रंगनाथचा स्पीकर ऑक्टोबरच्या धम्मचक्र दिनापासून परत आला. मात्र त्याने पुंजारामला आतल्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही. पुढे दुकानात चहा द्यायचा, बोलायचा, पण आत नाही. लग्नाच्या कॅसेटींची गिऱ्हाइकंही सगळी परतली नाहीत.

त्या ऑक्टोबरच्या कार्यक्रमात भावंडं उभी राहिली तेव्हा लोकांनी नव्या चालीचीच फर्माईश केली. पुंजारामने उन्हाळाभर ती कॅसेट लावून लावून तो ठोका बसवला होता. कोंडाजीकडे शिकायला मात्र गेला नाही. "तो काय शिकवेल आणि काय लपवेल कुणाला ठाऊक," असं म्हणायचा. आईचं नाव आलं तेव्हा त्याने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. विहारापासून रस्त्यापर्यंत ते नाव ऐकू गेलं. धोंडाबाई माझ्या बायकोशेजारी बसली होती, ती रडत होती.

भावंडांमधलं सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. तो तिला भेटायला जायचा, पण गाण्याचा विषय निघाला की दोघंही जपून बोलायची. निवृत्तीची त्याने माफी मागितली नाही. त्याच्या क्वार्टरचा बिघडलेला रेडिओ मात्र दोन दिवस खपून दुरुस्त करून दिला, आणि निवृत्तीने तेवढ्यावर समाधान मानलं.

एकोणनव्वदमध्ये त्यांनी दुसरी कॅसेट केली, शालिमारजवळच्या एका नव्या स्टुडिओत. मी सोबत होतो. गाणी भरून झाली, दोन्ही बाजू एकत्र करायची वेळ आली. पुंजाराम मशीनशेजारच्या खुर्चीवर बसला. चांगुणा घरी गेली नाही. दोन वेळा चहा आला, एकदा स्टुडिओवाल्याने सुचवलं की ताईंनी बाहेर आराम केला तरी चालेल. ती हलली नाही. भावाच्या खांद्यामागे उभी राहून त्याची बोटं बघत राहिली, कारखान्यात आम्ही नव्या कामगाराची बघायचो तशी.

"इथे वाद्य जरा वर घेऊ?" त्याने मागे न बघता विचारलं.

"घे," ती म्हणाली. "पण हळू. मी ऐकतेय."

त्याने बटण केसभर फिरवलं आणि थांबला.